क्रूझवरून स्टॅनली: फॉकलंड बेटांवरचा एक दिवस कसा आखावा

दक्षिण अमेरिकेच्या टोकाला वळसा घालणाऱ्या क्रूझच्या कार्यक्रमपत्रिकेत एक साधी ओळ असते: ‘स्टॅनली, फॉकलंड बेटं, सकाळी ८ ते संध्याकाळी ५’. वाचणाऱ्याला वाटतं, नऊ तास म्हणजे भरपूर झाले. प्रत्यक्ष जमिनीवर सहा-सात तास मिळाले तरी नशीब म्हणायचं. बाकीचे तास कुठे जातात आणि उरलेल्यांत काय बसतं, याचा हिशेब घरूनच करून निघावं, म्हणून हा लेख.

फॉकलंड हा दक्षिण अटलांटिकमधला ब्रिटनच्या अखत्यारीतला द्वीपसमूह. मुख्य भूमीपासून साधारण ५०० किलोमीटर आत, समुद्रात. सातशेहून जास्त बेटं, त्यातली मोठी दोनच. सगळी मिळून वस्ती साडेतीन हजारांच्या आसपास, आणि त्यातले बहुतेक लोक पूर्व फॉकलंडवरच्या स्टॅनली या राजधानीच्या गावात राहतात. मोठ्या क्रूझवर दोन-तीन हजार प्रवासी सहज असतात. जहाजाने नांगर टाकला की दिवसभरापुरतं गाव जवळजवळ दुप्पट होतं. गाड्या, चालक, कॅफेतल्या खुर्च्या, संग्रहालयाचं दार, सगळीकडे गर्दी होते ती यामुळेच. आयत्या वेळी बघू, असं म्हणणाऱ्याला इथे उरलंसुरलंच मिळतं.

दुसरी गोष्ट वारा. तो इथे बाराही महिने वाहतो, बहुतेक वेळा पश्चिमेकडून, आणि दिवसाचा खरा कार्यक्रम तोच ठरवतो.

बुकिंगच्या वेळी बघायच्या गोष्टी

क्रूझचा हंगाम ऑक्टोबर ते एप्रिल. पेंग्विन हा तुमचा मुख्य हेतू असेल, आणि बहुतेकांचा असतोच, तर महिना विचारपूर्वक निवडा. जेंटू पेंग्विनची पिल्लं डिसेंबरात अंड्यातून बाहेर येतात आणि जानेवारीत गुबगुबीत होऊन आईबापांच्या मागे धावताना दिसतात. बिळात राहणारे मॅगेलॅनिक पेंग्विन सप्टेंबरात येतात, एप्रिलपर्यंत निघून जातात. किंग पेंग्विन मात्र वर्षभर असतात. त्यांचं पिल्लू वाढायला वर्षाहून जास्त काळ लागतो, त्यामुळे तपकिरी लोकरीचा कोट घातल्यासारखी पिल्लं कोणत्याही महिन्यात भेटतात. माझी पसंती डिसेंबरचा उत्तरार्ध ते जानेवारीअखेर. तेव्हा रात्री नऊपर्यंत उजेड असतो आणि सगळ्या वसाहती भरलेल्या असतात.

दोन कंपन्यांचे मार्ग सारखे वाटले, तर स्टॅनलीतला मुक्काम किती तासांचा आहे ते ताडून बघा. सात तास आणि दहा तास यांत फक्त तीन तासांचा फरक दिसतो, पण दूरची वसाहत बघता येणार की नाही, हे त्यावरच ठरतं.

मोठी जहाजं गावाच्या बंदरात शिरत नाहीत. ती बाहेरच्या पोर्ट विल्यम या उपसागरात नांगर टाकतात आणि प्रवाशांना टेंडरने, म्हणजे बहुधा जहाजाच्याच लाईफबोटीने, ‘नॅरोज’ नावाच्या चिंचोळ्या तोंडातून आत आणतात. वाऱ्याने समुद्र खवळलेला असला तर टेंडर सोडत नाहीत आणि स्टॅनली रद्द होते. ही काही क्वचित घडणारी गोष्ट नाही, म्हणून केवळ फॉकलंडसाठी अख्खी क्रूझ घेणाऱ्याने हा धोका मान्य करूनच पैसे भरावेत. मोहिमांवर जाणारी लहान जहाजं आतल्या बंदरात येऊ शकतात, किंवा गावाच्या पूर्वेला असलेल्या फिपास या तरंगत्या धक्क्याला लागतात. त्यांची खेप चुकण्याची शक्यता कमी. भाडं मात्र चांगलंच जास्त.

कागदपत्रांचं काम क्रूझ कंपनीला लेखी विचारून उरकून टाका. फॉकलंडचे प्रवेशाचे नियम ब्रिटनपेक्षा वेगळे आहेत, त्यामुळे ब्रिटनचा व्हिसा आहे एवढ्यावर विसंबू नका. प्रवास विम्यात विमानाने रुग्ण हलवण्याचा खर्च धरलेला आहे ना, तेही बघा. स्टॅनलीत किंग एडवर्ड सातवा स्मृती रुग्णालय आहे, बेटांवरचं एकमेव. गंभीर रुग्णाला तिथून बाहेरच्या देशात न्यावं लागतं आणि ते बिल डोळे पांढरे करणारं असतं.

एकच ठिकाण निवडा

सगळ्यात महत्त्वाचा निर्णय हा. स्टॅनलीत बघण्यासारख्या चार-पाच गोष्टी आहेत आणि एका दिवसात एक मोठी किंवा दोन छोट्या बसतात. तीन बसवायला गेलात तर तिन्ही धावतपळत होतात.

व्हॉलंटियर पॉइंट हे सगळ्यांत प्रसिद्ध ठिकाण. फॉकलंडमधली किंग पेंग्विनची सर्वांत मोठी वसाहत इथे आहे, हजाराहून जास्त जोड्यांची. पांढरी वाळू, मागे हिरवं कुरण, त्यात चरणाऱ्या मेंढ्या आणि मेंढ्यांमधून रुबाबात चालणारे कमरेएवढे पेंग्विन. दृश्य अफलातून आहे, यात वाद नाही. पण स्टॅनलीहून तिथे पोचायला अडीच ते तीन तास लागतात. आधी खडीचा रस्ता, आणि शेवटचा तासाभराचा टप्पा रस्ताच नसलेल्या दलदलीच्या माळावरून. गाड्या चार चाकांना जोर असलेल्या आणि जथ्याने जातात, कारण एखादी चिखलात रुतली की दुसरीने ओढून काढायची असते. जाऊन-येऊन सहा तास प्रवासातच जाऊ शकतात आणि तिथे दीड-दोन तास मिळतात. पाठीचं, मानेचं, गुडघ्याचं दुखणं असेल किंवा घरात पाळणा हलायचा असेल, तर हा बेत सरळ सोडून द्या. जहाजाचा मुक्काम नऊ तासांहून कमी असेल, तर धडधाकट माणसानेही सोडावा. आठ तासांच्या मुक्कामात व्हॉलंटियर पॉइंट करायचं म्हणजे परतताना प्रत्येक वळणावर घड्याळ बघायचं, आणि त्यात पेंग्विनचं कौतुक संपून जातं.

ब्लफ कोव्ह लगून हा मधला मार्ग. खासगी शेताच्या जमिनीवर जेंटू पेंग्विनची मोठी वसाहत, सोबत थोडे किंग पेंग्विन. थोडा डांबरी-खडीचा रस्ता, मग थोडा माळ, आणि शेवटी समुद्रकाठच्या छोट्या कॅफेत चहा-केक. अर्ध्या दिवसात होतं, म्हणजे उरलेला अर्धा दिवस गावासाठी मोकळा. पहिल्यांदा येणाऱ्या कुटुंबाला, विशेषतः आजी-आजोबा किंवा लहान मुलं बरोबर असतील तर, मी हेच सुचवेन. अडचण एकच: जागा लवकर भरतात.

जिप्सी कोव्ह सगळ्यांत जवळ, गावापासून साधारण ६ किलोमीटरवर. इथे मॅगेलॅनिक पेंग्विन जमिनीतल्या बिळांत राहतात. आखलेल्या पायवाटेवरून ते बघायचे. शेजारचा यॉर्क बे हा पांढऱ्या वाळूचा किनारा ब्रिटन आणि अर्जेंटिना यांच्यातल्या १९८२च्या युद्धात पेरलेल्या सुरुंगांमुळे कित्येक दशकं कुंपणाआड होता. माणसाला बंदी, पेंग्विन मात्र वजनाने हलके असल्याने सुरुंगांवरून बिनधास्त ये-जा करत. नोव्हेंबर २०२०मध्ये बेटं सुरुंगमुक्त जाहीर झाली आणि किनारा पुन्हा खुला झाला.

जिप्सी कोव्हला चालतही जाता येतं, पण दिशा लक्षात ठेवा. वाटा पूर्वेकडे जातात आणि वारा पश्चिमेचा. जाताना वारा पाठीशी असल्याने दीड तासाच्या आत पोचाल आणि वाटेल, किती सोपं होतं. तोच वारा परतताना तोंडावर येतो, तेही पाय दमल्यावर आणि वेळ कमी उरल्यावर. म्हणून चालायचं तर फक्त जाताना, येताना गाडी किंवा शटल. जहाजाच्या दिवशी शटल आहे का, परतीची शेवटची किती वाजता, हे धक्क्याजवळच्या पर्यटक केंद्रात उतरल्या उतरल्या विचारा. चालण्याचा फायदा असा की वाटेत, बंदराच्या पूर्व टोकाला, ‘लेडी एलिझाबेथ’ दिसते. १८७९ साली बांधलेलं हे लोखंडी शिडाचं जहाज १९३६पासून उथळ पाण्यात रुतून उभं आहे, डोलकाठ्यांसकट.

चौथा पर्याय युद्धभूमीचा. २ एप्रिल १९८२ रोजी अर्जेंटिनाचं सैन्य इथे उतरलं आणि १४ जूनला त्याने शरणागती पत्करली. त्या ७४ दिवसांत अर्जेंटिनाचे ६४९ आणि ब्रिटनचे २५५ सैनिक गेले, शिवाय बेटावरच्या तीन स्त्रिया. गावाभोवतीच्या डोंगरांवर शेवटच्या लढाया झाल्या. स्थानिक वाटाड्या बरोबर असेल तर हा अर्धा दिवस सार्थकी लागतो. त्याच्याविना गेलात तर खडक आणि गवत, एवढंच दिसेल. इतिहासात रस नसेल तर फक्त फोटोसाठी जाऊ नका.

आणि कुठेही न जाता फक्त गाव बघणं, हाही एक चांगला बेत आहे. समुद्राने आधीच दमवलेल्या माणसाला त्यात कमीपणा वाटायचं कारण नाही.

जहाजाची सहल की गावातली गाडी

जहाजाकडून घेतलेली सहल महाग पडते, पण तिच्यात एक हमी असते: सहलीची गाडी उशिरा आली तर जहाज थांबतं, किंवा तुम्हाला पोचवण्याची जबाबदारी कंपनी घेते. स्वतः ठरवलेल्या गाडीला ही सवलत नाही. स्टॅनलीत बरेच लोक हंगामात स्वतःची जीप घेऊन पाहुण्यांना फिरवतात. गाडीत चार-पाचच जण असतात, गप्पा होतात, हवं तिथे थांबता येतं. मेंढपाळ घराण्यातला माणूस चाक धरून बेटाबद्दल जे सांगतो, ते चाळीस जणांच्या बसमध्ये ऐकायला मिळत नाही.

माझा हिशेब असा: दूर जायचं तर जहाजाची सहल, जवळ जायचं तर स्थानिक गाडी. व्हॉलंटियर पॉइंटच्या माळावर गाडी रुतली, तर मागे कोणीतरी उभं आहे हे माहीत असलेलं बरं. जिप्सी कोव्हहून मात्र वेळ पडली तर पायीसुद्धा परतता येतं.

स्थानिक गाडी ठरवताना तीन प्रश्न ईमेलने विचारा आणि उत्तरं जपून ठेवा. जहाज आलंच नाही तर पैसे भरावे लागतील का? टेंडरला उशीर झाला तर गाडी किती वेळ थांबेल? आणि परत धक्क्यावर नक्की किती वाजता सोडणार? तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर ‘शेवटच्या टेंडरच्या किमान दीड तास आधी’ असं नसेल, तर दुसरी गाडी बघा.

आदल्या रात्री

सगळ्यांत आधी बूट. बुटांच्या तळातली माती, गवताचं बी, जॅकेटच्या वेलक्रोमध्ये अडकलेली कुसळं, पिशवीच्या कोपऱ्यातला कचरा, हे सगळं ब्रशने साफ करा. बेटांवर बाहेरचं बी, कीड किंवा पक्ष्यांचा रोग गेला तर निस्तरता येत नाही, आणि गेल्या काही वर्षांत दक्षिण अटलांटिकच्या पक्ष्यांमध्ये बर्ड फ्लू पोचल्यापासून ही तपासणी आणखी काटेकोर झाली आहे. फळं, मांस, दुधाचे पदार्थ किनाऱ्यावर न्यायचे नाहीत. नाश्त्याच्या बुफेतलं केळं किंवा सँडविच पिशवीत टाकायची सवय असलेल्यांनी हे विशेष लक्षात घ्यावं. काय नेलेलं चालतं, ते जहाजाच्या रोजच्या पत्रकात छापलेलं असतं.

कपडे थरांचे. इथल्या उन्हाळ्यातही, म्हणजे डिसेंबर ते फेब्रुवारीत, दुपारचं तापमान १५ अंशांच्या आसपास, आणि वाऱ्यात ते खूप कमी वाटतं. एका तासात ऊन, पाऊस, गारा आणि पुन्हा ऊन, असंही होतं. आत पातळ, मध्ये लोकरी, वर वारा आणि पाणी अडवणारं जॅकेट. छत्री केबिनमध्येच राहू द्या, पहिल्याच झोतात तिच्या काड्या मोडतील. टोपी कानांवरून घट्ट बसणारी हवी. थंडीच्या नादात सनस्क्रीन विसरतं; इथलं ऊन फसवं आहे. हवा स्वच्छ, ओझोनचा थर विशेषतः इथल्या वसंतात, म्हणजे सप्टेंबर ते नोव्हेंबरात, पातळ, आणि बेटांवर मूळचं असं एकही झाड नाही, त्यामुळे सावली म्हणून कुठे टेकायची सोयही नाही.

पैशांचं गणित सोपं आहे. फॉकलंडचा स्वतःचा पौंड आहे, किंमत ब्रिटिश पौंडाएवढीच. ब्रिटिश नोटा सगळीकडे चालतात, अमेरिकी डॉलर आणि युरोही बहुतेक दुकानं व गाडीवाले घेतात. सुटे मात्र फॉकलंड पौंडांत परत मिळू शकतात आणि ते बेटाबाहेर कुणी घेत नाही. म्हणून लहान रकमेच्या नोटा न्या. कार्ड अनेक ठिकाणी चालतं, पण गाडीवाल्यासाठी रोख असू द्या.

फोनचं रोमिंग महाग आहे, म्हणून नकाशे जहाजावरच उतरवून घ्या आणि फोन विमान मोडवर टाका. बेटांचं घड्याळ वर्षभर ग्रिनिचच्या तीन तास मागे असतं. जहाजाचं घड्याळ त्याच वेळेवर आहे की नाही, हे रात्रीच बघा आणि मनगटावर जहाजाचीच वेळ लावा. फोन स्वतःहून वेळ बदलतो, साधं घड्याळ बदलत नाही. इथे तेच जास्त भरवशाचं.

पिशवीत शेवटी तीन गोष्टी: क्रूझ कार्ड, पासपोर्टची छायाप्रत, आणि एक दिवसाची जादा औषधं. ती अशासाठी की वारा मध्येच चढला तर टेंडर बंद होतात आणि किनाऱ्यावर तासन्‌तास थांबावं लागतं. बीपीची किंवा साखरेची गोळी केबिनच्या ड्रॉवरमध्ये राहिली तर ती वाट बघणं जड जातं. जहाजाच्या पत्रकावर स्थानिक पोर्ट एजंटचा, म्हणजे बंदरातल्या जहाजाच्या प्रतिनिधीचा, नंबर असतो. त्याचा फोटो काढा, आणि कागदावरही लिहून घ्या, कारण थंडीत बॅटरी पटकन उतरते.

टेंडर

जहाजाची सहल घेतलेल्यांना आधी उतरवतात, त्यांची जमण्याची जागा आणि वेळ तिकिटावर असते. बाकीच्यांनी टेंडरचा क्रमांक घ्यायचा आणि पुकारा होईपर्यंत थांबायचं. क्रमांक वाटप सुरू होण्याच्या आधी तिथे हजर राहिलात तर तास-दीड तास वाचतो. निवांत नाश्ता करून साडेनऊला क्रमांक घेणारा माणूस साडेअकराला जमिनीवर पोचतो, आणि स्टॅनलीत ती खरी चैन परवडत नाही. स्थानिक गाडी ठरवली असेल, तर जहाज नांगर टाकण्याच्या वेळेनंतर दीड-दोन तासांनी भेटायची वेळ धरा.

मळमळीचा त्रास होणाऱ्यांनी गोळी टेंडरमध्ये बसल्यावर नव्हे, त्याआधी तासभर घ्यावी. पोर्ट विल्यममधून धक्क्यापर्यंतचा प्रवास वीस-पंचवीस मिनिटांचा असतो आणि नॅरोजच्या बाहेर होडी चांगलीच उसळते. बंदरात शिरल्यावर पाणी शांत होतं. बसायला मिळालं तर मधल्या भागात, मागच्या बाजूला बसा. पुढे उसळी जास्त.

चढ-उतार ही खरी काळजीची जागा. होडी लाटेबरोबर वर-खाली होत असते आणि जहाजाचा फलाट जागेवर असतो. दोन्ही हात मोकळे ठेवा: कॅमेरा, काठी, पिशवी, सगळं पाठीवर किंवा खलाशाच्या हाती. खलाशी तुमचा हात मनगटाच्या वर धरेल, तुम्हीही त्याचा तसाच धरा. तो ‘थांबा’ म्हणाला की थांबा, ‘चला’ म्हणाला की एका पावलात ओलांडा. अर्ध्यात विचार बदलणं सगळ्यांत धोक्याचं. उडी मारायची नसते, पाऊल टाकायचं असतं. चाकाच्या खुर्चीवरच्या प्रवाशांना त्या दिवशी समुद्र कसा आहे यावरून नेतात किंवा नेत नाहीत, आणि तो निर्णय त्या जागीच होतो.

गावात

टेंडर थेट गावाच्या मध्यावर, सार्वजनिक धक्क्याला लागतं. शेजारीच पर्यटक केंद्र, नकाशे आणि स्वच्छतागृह आहे. आधी तिथल्या फलकावर शेवटच्या टेंडरची वेळ पुन्हा वाचा. सकाळी छापलेली वेळ हवामानामुळे पुढे-मागे होऊ शकते. धक्क्यावर कधी कधी समुद्रसिंह पसरलेले असतात. ते आळशी दिसतात, पण जवळ जाण्याइतके आळशी नसतात.

रॉस रोड पाण्याच्या काठाने जातो आणि गाव त्याच्या वर उतारावर चढत जातं. लाल, हिरव्या, निळ्या पत्र्यांची छपरं, पुढे फुलांच्या बागा. गाड्या डाव्या बाजूने चालतात. काही मिनिटांवर ख्राईस्ट चर्च कॅथीड्रल, १८९२ साली पावन केलेलं, जगातलं सर्वांत दक्षिणेचं अँग्लिकन कॅथीड्रल. त्याच्या अंगणात व्हेलच्या हाडांची कमान आहे: दोन निळ्या देवमाशांचे जबडे, ब्रिटिश प्रशासनाच्या शताब्दीनिमित्त १९३३ साली उभारलेले. फोटोसाठी इथे रांग लागते, म्हणून सकाळी उतरल्या उतरल्या किंवा अगदी शेवटी जा.

पश्चिमेकडे चालत राहिलात तर १९८२चं स्मारक, त्याच्याजवळ तेव्हाच्या ब्रिटिश पंतप्रधान मार्गारेट थॅचर यांचा अर्धपुतळा, तसंच हिस्टॉरिक डॉकयार्ड संग्रहालय. वेळ कमी असेल तर गावात पैसे मोजून आत जावं अशी ही एकच जागा, निदान तासभर ठेवा. १९८२मध्ये इथे लहान असलेल्यांच्या आठवणी, जुनी दुकानदारी, शिडांच्या जहाजांचा काळ, आणि अंटार्क्टिकातून परत आणलेली रेक्लूस नावाची लाकडी झोपडीही इथे आहे.

आणखी पश्चिमेला, पाण्यात, ‘झेलम’ या जहाजाचे उरलेसुरले अवशेष आहेत. १८४९ साली लिव्हरपूलला बांधलेलं हे जहाज केप हॉर्नला वळसा घालून गळत-गळत १८७०मध्ये इथे आलं आणि इथेच राहिलं. आता बराचसा भाग ढासळला आहे, तेव्हा मुद्दाम लांब चालत जाण्याइतकं काही नाही; पण नाव वाचून आपल्याकडच्या माणसाचं पाऊल थबकतंच.

कॅफे दुपारी बारा ते दोन गच्च भरतात. सकाळी साडेदहाच्या सुमारास ‘स्मोको’ची वेळ असते, म्हणजे चहा आणि घरगुती केक-बिस्किटांची सुट्टी. पोटपूजा तेव्हाच उरका. शाकाहारींनी जहाजावर भरपेट नाश्ता करून निघावं. इथे मासे, मटण आणि चिप्सचं राज्य. खरेदीत लोकरीच्या वस्तू चांगल्या, आणि टपाल कार्यालयातली तिकिटं बघण्यासारखी.

एक सांभाळायची गोष्ट. तुमचं जहाज बहुधा अर्जेंटिनाच्या एखाद्या बंदरातून आलेलं असतं. तिथे या बेटांना माल्विनास म्हणतात आणि त्यांच्यावरच्या हक्काचे टी-शर्टही विकतात. ते घालून स्टॅनलीत उतरू नका. इथल्या पिकल्या केसांच्या प्रत्येक माणसाने ते युद्ध घरच्या खिडकीतून पाहिलेलं असू शकतं. तुम्ही ऐकायच्या तयारीने विचारलंत तर लोक बोलतात, वाद घालायला गेलात तर तोंड फिरवतात.

पेंग्विनसमोर

नियम आहे सहा मीटरचा: त्याहून जवळ जायचं नाही. पण तुम्ही शांत बसून राहिलात आणि पेंग्विनच जवळ आला, तर ते चालतं. म्हणून चांगला फोटो हवा असेल तर मागे धावण्यापेक्षा एका जागी बसा. समुद्र आणि वसाहत यांच्यामधली त्यांची ठरलेली वाट असते, ती अडवू नका. वाट अडली की पोट भरून आलेला पालक पिल्लाकडे जाऊ शकत नाही, पाण्यापाशीच घुटमळत राहतो. मॅगेलॅनिक पेंग्विनच्या बिळांची छपरं ठिसूळ असतात; पायवाट सोडलीत तर पाय आत जाईल आणि घर कोसळेल. वर डोळा ठेवा, कारण पिल्लांवर टपलेले स्कुआ पक्षी माणसाच्या डोक्यावरूनही झेपावतात.

पीस, हाड, अंड्याचं कवच, दगड, काहीही उचलायचं नाही. परवानगीशिवाय ड्रोन उडवायचा नाही. माळाची जमीन पीटची, म्हणजे अर्धवट कुजलेल्या वनस्पतींच्या थरांची आहे. एकदा पेटली की आतल्या आत धुमसत राहते, त्यामुळे तिथे सिगारेट अजिबात नको. फाटक उघडं दिसलं तर उघडं ठेवा, बंद दिसलं तर बंद करा. आणि गंजलेला धातूचा तुकडा दिसला तर हात न लावता वाटाड्याला सांगा.

परत

समजा जहाज पाचला सुटणार. मग सगळ्यांनी जहाजावर असायची वेळ साडेचार, आणि शेवटचं टेंडर त्याआधी, म्हणजे चार किंवा सव्वाचारला. शेवटच्या दोन टेंडरना सगळं गाव लोटतं, रांग उघड्या धक्क्यावर वाऱ्यात लागते. म्हणून तुमचा परतीचा गजर अडीच-तीनला वाजला पाहिजे. त्यातून प्रवासाचे तास मागे मोजत जा आणि मग सकाळी कुठे जायचं ते ठरवा. आठ ते पाचच्या मुक्कामात असं मोजलं की हातात साडेनऊ ते अडीच उरतात, पाच तास. त्यात ब्लफ कोव्ह आणि कॅथीड्रल बसतात. किंवा जिप्सी कोव्ह आणि संग्रहालय. स्वतःच्या गाडीने व्हॉलंटियर पॉइंट बसत नाही, मग चालक कितीही हसतमुख असो.

दुपारी वारा वाढताना दिसला, धक्क्यावर पाणी उडायला लागलं, तर उरलेली खरेदी सोडा आणि पुढचं टेंडर पकडा.

जहाज खरंच चुकलं तर? ताबडतोब पोर्ट एजंटला फोन, नंतर विमा कंपनीला. इथून सुटणं बाकीच्या बंदरांसारखं नाही. विमानतळ माउंट प्लेझंटला, गावापासून साधारण ५६ किलोमीटर. चिलीला जाणारं लाटाम कंपनीचं नियमित विमान आठवड्यातून एकदा, शनिवारी. त्याखेरीज ब्रिटनमधल्या ब्राइझ नॉर्टन तळाला जाणारी लष्करी हवाई सेवा, तीही आठवड्यातून मोजक्याच फेऱ्यांची. रविवारी जहाज चुकलेल्या माणसाला पुढचा जवळजवळ आठवडा स्टॅनलीत काढावा लागू शकतो, स्वतःच्या खर्चाने.

खेप रद्द झाली तर

घोषणा बहुधा सकाळी सात-आठच्या सुमारास होते. जहाजाच्या सहलीचे पैसे परत येतात, बंदर शुल्कही खात्यावर जमा होतं. ते जमा झालं का, हे उतरण्याच्या आदल्या दिवशी बिलात बघा. स्थानिक गाडीवाल्याला दोन ओळी कळवा. त्याला जहाज फिरल्याचं बहुधा आधीच कळलेलं असतं, तरी कळवा, कारण त्याच्या ज्या अटी तुम्ही ईमेलने जपून ठेवल्यात, त्या लागू व्हायला तुमच्याकडून तो निरोप लागतो.